अलाइनमेंटचा कागद मागून घ्या

“भाऊ, गाडी डावीकडं खिचून रायली.” चंद्रपूरच्या दुर्गापूर, तुकूम किंवा पडोलीतल्या टायरच्या दुकानांत हे वाक्य नेहमीचं आहे आणि त्याचं उत्तरही ठरलेलं आहे: “अलाइनमेंट गेली असंल, घ्या मशीनवर.” गाडी मशीनवर चढते, चारही चाकांना पाट्या लागतात, पडद्यावर लाल-हिरवे आकडे चमकू लागतात. थोड्या वेळानं लाल होते ते हिरवे होतात, मालक पैसे देऊन निघतो. आठ-पंधरा दिवसांत गाडी पुन्हा डावीकडे चालू लागते आणि मालक दुकान बदलतो. नव्या दुकानातलं मशीन अधिक मोठं असतं, पडदा अधिक रुंद असतो, बाकी सगळं तेच.

मशीन बघून दुकान निवडायची ही सवय महागात पडते. वीज केंद्राची वसाहत असलेल्या ऊर्जानगरच्या परिसरात तर फारच, कारण इथले रस्ते चाकांना सुखानं राहू देत नाहीत. महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉटचं. त्याच्या आसपास दुर्गापूर, पद्मापूर, भटाळी या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) खाणी. कोळसा जसा रेल्वेनं आणि पट्ट्यांवरून जातो तसा ट्रकनंही जातो, आणि जळून उरलेली राख सिमेंट कारखान्यांकडे, वीटभट्ट्यांकडे निघते तीही ट्रकनंच. भरलेल्या ट्रकांखाली डांबराला घड्या पडतात, कडा तुटतात, पहिल्या पावसात खड्डे उघडे पडतात. वसाहतीतला माणूस सकाळच्या पाळीला निघतो तेव्हा गतिरोधक चुकवताना एक चाक कडेच्या खड्ड्यात जातंच. घुग्घुस, राजुरा, गडचांदूर या बाजूला रोज जाणाऱ्यांची कथा निराळी नाही. टायर कंपन्या साधारण पाच हजार किलोमीटरला अलाइनमेंट तपासा म्हणून सांगतात. ते चांगल्या रस्त्यावर फिरणाऱ्यांसाठी. इथं किलोमीटर मोजण्यापेक्षा खड्डे मोजलेले बरे. चाक जोरात आदळलं, रिमला ठेच लागली, स्टिअरिंग सरळ रस्त्यावरही तिरकं धरावं लागलं, की पाच हजारांची वाट बघण्यात अर्थ नाही.

दुकान निवडण्याआधी त्या दुकानात नेमकं काय होतं ते गाडीमालकाला ठाऊक असायला हवं. चाकांचे तीन कोन मोजले जातात. समोर उभं राहून गाडीकडे पाहिलं तर चाक वरच्या बाजूला आत किंवा बाहेर किती झुकलं आहे तो कॅम्बर. बाजूनं पाहिलं तर चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष मागं किती कललेला आहे तो कॅस्टर. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते बरंचसं याच्यामुळे. आणि वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून दूर किती वळलेली आहेत तो टो. टायर खाण्याच्या बाबतीत सगळ्यात खोडकर हा टो.

त्याचा हिशोब कुणालाही करता येतो. छोट्या गाडीच्या टायरचा व्यास सुमारे ६०० मिलिमीटर धरा. दोन पुढच्या चाकांमधलं पुढच्या कडेचं अंतर आणि मागच्या कडेचं अंतर यांत ३ मिलिमीटरचा फरक जास्तीचा पडला, म्हणजे दोन कागदी पुठ्ठ्यांच्या जाडीएवढा. प्रत्येक चाकाच्या वाट्याला यातला निम्मा येतो. मग ते चाक किलोमीटरमागे अडीच मीटर आडवं घासत जातं. पाच हजार किलोमीटरमध्ये साडेबारा किलोमीटर. चंद्रपुरातून निघून बल्लारपूरच्या तोंडाशी पोचावं इतकं अंतर रबर डांबरावर आडवं घासलं जातं आणि मालकाला स्टिअरिंगमध्ये काहीच जाणवत नाही. जाणवतं ते हाताला: टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा फिरवला तर एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागतं. नक्षीच्या खोबणीतले १.६ मिलिमीटरवर बसवलेले उंचवटे टायरच्या पृष्ठभागाला येऊन भिडले की तो टायर संपला. काही शे रुपयांच्या कामाकडे दुर्लक्ष झालं की चार टायरांचा हजारोंचा खर्च वेळेआधी अंगावर येतो.

आता दुकानाकडे. चांगल्या दुकानाची पहिली खूण मशीनपासून लांबच दिसते. गाडी लिफ्टवर गेली की कारागीर आधी खाली वाकतो. पुढचं चाक वर उचलून, वर-खाली आणि मग आडवं धरून हलवतो. वर-खाली खुळखुळलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवं खुळखुळलं तर टाय रॉड एंड. लोअर आर्मच्या बुशला तडे गेलेत का, शॉकअप गळतोय का, रिम वाकली आहे का हे बघतो. चारही टायरांमधली हवा मोजतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे असतो तेव्हा हवेचं हे प्रकरण साधं राहत नाही. टायरमधली हवा पाच-सहा अंशांनी तापली की दाब सुमारे एका पीएसआयनं चढतो. क्वार्टरच्या भिंतीलगत गाडी उभी असली, एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत, तर दोन बाजूंच्या दाबात एवढा फरक पडू शकतो की गाडी नुसती त्यानंही एकीकडे ओढेल. हवा सकाळी, गाडी थंड असताना भरायची ही गोष्ट मशीनला कळत नाही, माणसाला कळते.

सांधा ढिला असताना अलाइनमेंट करून देणारा दुकानदार ग्राहकाला फसवतोच असं नाही. बऱ्याचदा तो घाईत असतो. पण परिणाम एकच. लिफ्टवर उभ्या गाडीचा टो हिरवा दिसतो, रस्त्यावर ब्रेक लागला की ढिला टाय रॉड एंड सरकतो आणि तो हिरवा आकडा तिथंच राहतो. “भाऊ, आधी हा एंड बदला, मग या, आज अलाइनमेंट करून फायदा नाही” असं सांगून गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवावा. त्यानं आपला आजचा गल्ला सोडला आहे.

मशीनबद्दलचा भ्रमही इथंच दूर करायला हवा. अमेरिकेची हंटर, इटलीची कॉर्घी, पुदुच्चेरीची मनाटेक अशा कंपन्यांची यंत्रं देशभर दिसतात. चाकांवरच्या पाट्या कॅमेऱ्यानं टिपणारं थ्री-डी यंत्र जुन्या सेन्सरवाल्या यंत्रापेक्षा झटपट काम करतं, यात शंका नाही. पण लिफ्टचे चार कोपरे एका पातळीत नसतील, पुढच्या चाकांखालच्या फिरत्या थाळ्यांत धूळ आणि कोळशाची भुकटी अडकून त्या जाम झाल्या असतील, पाटी पकडणारा क्लॅम्प रिमवर तिरका बसला असेल, तर लाखो रुपयांचं यंत्र चुकीचा आकडा दशांशापर्यंत अचूक सांगतं. थ्री-डी यंत्रावर गाडी थोडी मागं-पुढं ढकलून घ्यावी लागते, रिमचा वाकडेपणा हिशोबातून वजा व्हावा म्हणून. ती न ढकलता जो कारागीर थेट पाना हातात घेतो, त्यानं एक पायरी गाळलेली आहे. आणि पडोलीच्या नाक्यावर ट्रकांचा टो नुसत्या गेजनं किंवा दोरी ताणून जुळवणारे जुने हात आहेत, त्यांना हसण्याचं कारण नाही. टो म्हणजे शेवटी दोन अंतरांतला फरकच. सपाट जमिनीवर, नीट ताणलेल्या दोरीनं तो मोजता येतो. दोरीनं कळत नाही तो कॅस्टर.

सगळ्यात जास्त पैसा जिथं उगाच जातो तो शब्द कॅम्बर. पडद्यावर कॅम्बरचा आकडा लाल दिसतो, कारागीर मान हलवतो: “कॅम्बर गेला ना भाऊ. तो वेगळा करावा लागंल.” अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट अशा छोट्या गाड्यांत पुढं मॅक्फर्सन स्ट्रट असतो. त्यांत कॅम्बर आणि कॅस्टर जुळवायची सोय कंपनीनं सहसा ठेवलेलीच नसते. फिरवता येतो तो फक्त पुढचा टो, टाय रॉडचा लॉकनट सैल करून. मग वेगळे पैसे घेऊन केलं काय जातं? बहुतेक ठिकाणी हायड्रॉलिक जॅकच्या दट्ट्यानं स्ट्रट किंवा नकल रेटून वाकवतात, आकडा हिरवा होईपर्यंत. कॅम्बर लाल असण्याचं कारण सहसा वाकलेला स्ट्रट, वाकलेला आर्म किंवा बसलेली स्प्रिंग हेच असतं. वाकलेला भाग बदलायचा असतो, उलट्या बाजूला पुन्हा वाकवायचा नसतो. आकड्यात किंचित फरक असेल आणि दोन्ही बाजूंना सारखाच असेल, टायर सरळ झिजत असेल, तर त्याला हात न लावणं हाच शहाणपणा. ज्या गाड्यांत शिम घालून किंवा विशेष बोल्ट फिरवून कॅम्बर जुळवता येतो त्यांची गोष्ट वेगळी. पण तेव्हा कारागिरानं तो बोल्ट बोटानं दाखवावा.

ताडोबाच्या जिप्सींचं उदाहरण इथं बोलकं आहे. मोहर्ली, आगरझरीच्या दारातून आत जाणाऱ्या मारुती जिप्सीला पुढंही सरळ धुराच आणि पाटे. तिच्यात कॅम्बर बोल्टनं फिरवायचा प्रश्नच येत नाही. टो जुळवायचा, किंगपिनच्या बेअरिंगचा ढिलेपणा काढायचा, पाट्यांचे बुश बघायचे, की काम झालं. जंगलातल्या कच्च्या वाटांवर रोज आदळणाऱ्या गाड्यांचे मालक मशीनच्या मागं फारसे लागत नाहीत, त्यांना गाडीखाली वाकून बघणाऱ्या कारागिराच्या नजरेचं मोल ठाऊक असतं. शहरात नवी हॅचबॅक घेतलेला माणूस मात्र चारही चाकांच्या अलाइनमेंटचे पैसे देतो आणि मागच्या चाकांचं काय फिरवलं ते विचारत नाही. अशा बहुतेक गाड्यांची मागची धुरा एकसंध असते. तिथं फिरवायला काही नसतं. मोजणं मात्र उपयोगाचं आहे, कारण मागची चाकं तिरकी असतील तर पुढची कितीही सरळ केली तरी गाडी खेकड्यासारखी चालते. मोजण्याचे पैसे घ्यावेत. जुळवल्याचे घेऊ नयेत.

म्हणून कागद. प्रत्येक संगणकी मशीन काम सुरू करण्यापूर्वीचे आणि नंतरचे आकडे शेजारीशेजारी छापू शकतं. बऱ्याच दुकानांत प्रिंटर बंद असतो, शाई संपलेली असते, “मोबाइलवर फोटो काढून घ्या” असं सांगितलं जातं. फोटो चालेल, पण तो दोन्ही पडद्यांचा हवा. त्यात तीन गोष्टी बघायच्या. एक, वर गाडीचं नाव आणि मॉडेल तेच आहे का. चुकीचं मॉडेल निवडलं तर मर्यादा बदलतात आणि लाल आकडा नुसत्या बटणानं हिरवा होतो. दुसरं म्हणजे डाव्या-उजव्या चाकातला फरक. एका बाजूचा कॅम्बर किंवा कॅस्टर दुसऱ्यापेक्षा ठळकपणे वेगळा असेल तर गाडी का ओढते त्याचं उत्तर बहुधा तिथं असतं, दोन्ही आकडे मर्यादेच्या आत असले तरीही. आणि ज्या आकड्याला हात लावला नाही तो आधी आणि नंतर साधारण तोच असायला हवा. टो सोडून काहीच फिरवलं नसताना कॅस्टर अर्ध्या अंशानं ‘सुधारला’ असेल, तर मोजणीच भरवशाची नव्हती. हे कागद जपून ठेवले की सहा महिन्यांनी खरा उपयोग होतो: कुठला आकडा हळूहळू सरकतो आहे ते दिसतं, आणि दुकान बदललं तरी इतिहास मालकाच्या हातात राहतो.

काम झाल्यावर चाचणीही मालकानंच घ्यावी, आणि ती घेताना रस्त्याचा स्वभाव लक्षात ठेवावा. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे अगदी निरोगी गाडीही हात सोडला तर हळूच डावीकडे झुकते. चंद्रपूर-मूल रस्त्यावर गाडी डावीकडे गेली म्हणून लगेच दुकानदाराशी भांडण काढू नये; वीज केंद्राच्या वसाहतीत एखादा सपाट, मोकळा रस्ता गाठून तिथं दोन्ही दिशांनी चालवून बघावं. तरीही ओढत असेल तर पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी बसवून पुन्हा बघावं, टायर उलट्या दिशेनं फिरायला चालणारे असतील तर. ओढ उजवीकडे गेली की दोष टायरचा, अलाइनमेंटचा नाही. ही साधी अदलाबदल सुचवणारा कारागीर दुर्मीळ, कारण त्यात पैसे मिळत नाहीत. आणि ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर तो बॅलन्सिंगचा विषय आहे. त्यासाठी अलाइनमेंटचे पैसे मोजणं म्हणजे डोकं दुखतं म्हणून दात काढणं.

एक वाईट सवय मात्र ठामपणे थांबवायला हवी. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग तिरकं राहिलं तर काही ठिकाणी ते उपटून सरळ बसवून देतात. स्टिअरिंग दोन टाय रॉड समसमान फिरवून सरळ करायचं असतं. आजच्या इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या गाड्यांत चाक किती वळलं हे सांगणारा सेन्सर असतो. स्टिअरिंग उपटून बसवलं की तो गोंधळतो. लेन सांभाळणारे कॅमेरे असलेल्या नव्या गाड्यांत तर अलाइनमेंटनंतर सेन्सर पुन्हा शून्यावर आणावा लागतो, काहींत कॅमेराही जुळवावा लागतो. अशी गाडी असलेल्यानं “स्कॅनर आहे का?” हा प्रश्न आधी विचारावा. नसेल तर नागपूर रस्त्यावरच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पर्याय नाही, तिथले दर जास्त असले तरी. जुनी साधी हॅचबॅक असेल तर मात्र तेवढे पैसे तिथं देण्याचं काही कारण दिसत नाही.

गडचिरोलीकडे हा सगळा विचार आणखी अवघड होतो. सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक वाढली तशी आलापल्ली-आष्टी रस्त्याची वाताहत झाली, त्यावर आंदोलनंही झाली. एटापल्ली, भामरागडच्या गाडीमालकाला चांगल्या मशीनसाठी गडचिरोली किंवा चंद्रपूर गाठावं लागतं. सिरोंच्याच्या माणसाला त्यापेक्षा गोदावरीपलीकडचं तेलंगण जवळ पडतं. एवढ्या लांब जाऊन केलेली अलाइनमेंट परतीच्या रस्त्यावर टिकेल याची खात्री नाही. अशा ठिकाणी टो मोजणारा साधा गेज आणि ढिले सांधे ओळखणारा गावातला मेकॅनिकच अधिक कामाचा. आणि हा केवळ टायरच्या खर्चाचा प्रश्न नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ऊर्जानगर-दुर्गापूर परिसरात वाघ आणि बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ दोन जीव गेले. झिजलेला टायर रात्री मोहर्लीच्या रस्त्यावर फुटला आणि खाली उतरून चाक बदलायची वेळ आली, तर तो अनुभव नागपूरच्या रिंगरोडसारखा नसतो.

तक्रार कुठं करायची, हाही प्रश्न आहेच. ग्राहक चळवळीचा वारसा महाराष्ट्राला आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली. पण वाहनदुरुस्तीच्या बाबतीत तो वारसा टायरच्या दुकानापर्यंत पोचलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे विकलेल्या वस्तूचं किंवा दिलेल्या सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तरी “बिल हवं का?” असं विचारलं की आपण मान हलवतो, कारण बिलासोबत कर येतो. बिल नाही, आकड्यांचा कागद नाही, मग जिल्हा ग्राहक आयोगापुढे मांडणार काय? पेट्रोल पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो आणि शंका आली तर पाच लिटरचं माप मागता येतं. अलाइनमेंटच्या दुकानात तसं स्वतंत्र माप मागायची सोय नाही.

ती करता येण्याजोगी आहे. वाहनांच्या तपासणीसाठी जी स्वयंचलित केंद्रं उभारली जातात, त्यांत साइड स्लिप टेस्टर नावाचं एक उपकरण असतं. जमिनीत बसवलेल्या सरकत्या पाट्यावरून गाडी हळू नेली की चाक किलोमीटरमागे किती मीटर आडवं सरकतं ते काही सेकंदांत कळतं. कोन, अंश, लाल-हिरवा रंग काही नाही, एकच आकडा. अशी तपासणी योग्यता प्रमाणपत्राच्या वेळी होते. रोजच्या खासगी गाडीला तिची वाट सहसा दिसत नाही. परिवहन विभागानं चंद्रपुरात असा एक पाटा थोड्या शुल्कात कुणालाही वापरू दिला, किंवा आयटीआयच्या मोटर मेकॅनिक विभागात तो बसवून विद्यार्थ्यांच्या हाती दिला, तर गाडीमालकाला दुकानात जाण्यापूर्वी एकदा आणि आल्यावर एकदा त्यावरून गाडी नेता येईल. विद्यार्थ्यांना दिवसभर खऱ्या गाड्या हाताळायला मिळतील. पडोली आणि तुकूमच्या दुकानांपैकी जी मन लावून काम करतात त्यांची नावं मग जाहिरातीशिवाय तोंडोतोंडी पसरतील, आणि कॅम्बरच्या नावाखाली दट्ट्या चालवणाऱ्यांची गिऱ्हाइकाच्या हातातल्या दोन आकड्यांशी गाठ पडेल.